पेनांग : बांगड्याच्या रश्श्यातल्या शेवया

दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक असतानाच आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि आई. आई वेंगुर्ल्याची. माशाच्या डोळ्याकडे बघून तो कधी पकडला हे सांगणारी. नवरा शाकाहारी, अंड्यापुरती सवलत देणारा. मी सगळं खाते. अशी माणसं मलेशियातल्या पेनांग बेटावर नूडल्स खायला निघाली आहेत म्हटल्यावर नातेवाइकांनी नवऱ्याला परस्पर थेपले बांधून दिले. ते त्याने क्वालालंपूरच्या विमानतळावरच संपवले.

तिथून पेनांग तासाभराच्या विमानाचं अंतर. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र ऑनलाइन भरावं लागतं. सवलत मुदतीची आहे, तेव्हा तिकिटं काढण्याआधी एकदा तपासून घ्या.

शुक्रवार

जॉर्ज टाऊन हे बेटावरचं जुनं शहर. 1786 मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी इथे बस्तान बसवलं, आणि मग दक्षिण चीनमधून होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज, आपल्याकडून तमिळ, शेजारून मलय आणि आचेनी अशी माणसं येत राहिली. 2008 पासून मेलाकाच्या जोडीने ते जागतिक वारसा यादीत आहे. आम्हाला वारशाचा पहिला उपयोग झाला तो पावसात. नोव्हेंबरात इथे दुपारनंतर आभाळ फाटतं. पण जुन्या दुकानांपुढे सलग छप्पर असलेली वाट आहे, थेट कोकणातल्या पडवीसारखी, त्यामुळे चुलिया स्ट्रीटवर आमचे फक्त घोटे भिजले.

पाऊस थांबला तशा गाड्या लागल्या. कुठलाही गाजावाजा नाही. एक माणूस ढकलगाडी घेऊन येतो, गॅस जोडतो, प्लास्टिकची लाल स्टुलं मांडतो आणि पाच मिनिटांत रांग असते. मी वान तान मी घेतली. (पदार्थाच्या नावातलं 'मी' म्हणजे नूडल्स.) बारीक पिवळ्या नूडल्स, काळ्या सोया सॉसमध्ये घोळलेल्या, वर पोर्कच्या चकत्या, मोहरीवर्गातली हिरवी भाजी, मांसाचं सारण भरलेली मोदकाएवढी वान तान आणि बाजूला व्हिनेगरमध्ये मुरलेल्या हिरव्या मिरच्या. या मिरच्या न मागता मिळतात आणि त्यांच्याशिवाय पदार्थ अर्धा राहतो. चव मात्र ठीक. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तिसरी प्लेट मागवत होता, म्हणजे दोष माझ्या जिभेचाही असू शकेल.

आई पोर्क खात नाही. तिने नुसता वास घेतला आणि जाहीर केलं, "माका ह्या नको. जावयबापूंका काय गावतला ता बघ आधी." जावयबापूंना लिटल इंडियात केळीच्या पानावर भात, सांबार आणि तीन भाज्या गावल्या. क्वीन स्ट्रीटवर 1833 मधलं मारिअम्मन देऊळ आहे, त्याच्या आजूबाजूला शाकाहारी माणसाचं पोट सहज भरतं. पण नवऱ्याला सांबार खायला समुद्र ओलांडायचा नव्हता. त्यालाही नूडल्सच हव्या होत्या, आणि त्यांचा शोध शनिवारी लागला.

शनिवार

सकाळी कोपीतियाम. म्हणजे कॉफीचं दुकान, पण जेवणाची गाडी त्यातच असते. मालक फक्त चहा-कॉफी विकतो आणि जागा भाड्याने देतो. एका कोपऱ्यात एक बाई होक्कियन मी करते, दुसऱ्यात कोणी लोह बाक, म्हणजे मांसाच्या गुंडाळ्या, तळतं. पद्धत अशी : आधी टेबल पकडायचं, मग गाडीपाशी जाऊन पदार्थ आणि टेबल नंबर सांगायचा. प्लेट आली की तिथेच पैसे. पेय विचारायला वेगळा माणूस येतो, आणि त्याच्याकडून काहीतरी घ्यावंच. न घेतल्यास काही ठिकाणी माणशी थोडे सेन, म्हणजे इथले पैसे, जास्त लावतात, आणि ते योग्यच आहे, कारण पंखा, टेबल आणि छप्पर त्याचं. कोपी-ओ म्हणजे बिनदुधाची गोड कॉफी, कोसोंग म्हटलं की बिनसाखरेची. नुसतं कोपी म्हटलं तर तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर येतो. आईला तो थर इतका आवडला की ढवळायचं नाही असा तिने नियमच केला.

पेनांगची होक्कियन मी हा कोळंबीचा पदार्थ आहे. क्वालालंपूरमध्ये याच नावाने काळ्या सॉसात परतलेल्या जाड नूडल्स देतात, तेव्हा तिथे खाऊन आलेल्यांनी तुलना करू नये. इथे कोळंबीची डोकी आणि टरफलं परतून, डुकराच्या हाडांबरोबर तासन् तास उकळून लालसर रस्सा करतात. त्यात पिवळ्या नूडल्स आणि तांदळाच्या बारीक शेवया दोन्ही एकत्र, कांगकोंगची पालेभाजी, मोड आलेली मुगाची कोंबं, उकडलेलं अंडं आणि चमचाभर तिखट सांबाल. मी सांबाल हळूहळू मिसळत गेले. पहिले चार घास गोड कोळंबीचे, शेवटचे घाम फोडणारे. त्या मुक्कामातली सगळ्यात चांगली सकाळ याच वाडग्याने दिली, आणि ते दुकान कोणत्याही यादीतलं नव्हतं. हॉटेलसमोर झाडणाऱ्या आजीबाईंनी हात करून दिशा दाखवली होती.

नवऱ्याचा प्रश्न एका रिक्षाएवढ्या दुकानाने सोडवला. दारावर लाल अक्षरं आणि त्यांच्या मध्ये चक्क स्वस्तिक, आपल्या उलट दिशेचं. चिनी बौद्ध शाकाहारी दुकानांची ही खूण असते. आत मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. तरी 'चार क्वे तिआव' म्हणजे परतलेल्या चपट्या तांदळाच्या नूडल्स, करी मी, लाक्सा म्हणजे रश्श्यातल्या शेवया, सगळं मिळतं. सोयाची 'कोळंबी' त्याला मी खाऊ दिली नाही असं नाही, त्यानेच ती बाजूला काढली. बाकी करी मी त्याने दोनदा घेतली. नारळाच्या दुधाचा रस्सा, तळलेल्या टोफूचे रस्सा पिऊन फुगलेले तुकडे आणि दोन प्रकारच्या नूडल्स. चिनी पंचांगातल्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशा गाड्या आणखी दिसतात. शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : साध्या दुकानात 'भाजी घातलेलं' म्हणजे शाकाहारी नव्हे. बेलाचान नावाची आंबवलेल्या जवळ्याची वडी मिरचीच्या बहुतेक वाटणांत दडलेली असते.

दुपारी सयाम रोड. इथे चार क्वे तिआव अजून कोळशावर परततात आणि लोक त्यासाठी तास तास उभे राहतात. आमच्यापुढे एक निवृत्त तमिळ शिक्षक होते. घर जवळच, तरी रांगेत. त्यांनी मला समोरचं सगळं समजावून सांगितलं. कढई धुरावते तेव्हा डुकराची चरबी आणि लसूण, मग तांदळाच्या चपट्या ओल्या पट्ट्या, सोया, मिरचीचं वाटण, मोडांची कोंबं. सगळं कडेला सारून अंडं. कोळंबी. शिंपल्या अगदी शेवटी, नाहीतर त्या रबर होतात. वर चिनी लसणाची पात. एका वेळी एकच प्लेट, फार तर दोन. जास्त घातलं की कढई थंड पडते, नूडल्स परतल्या न जाता शिजतात आणि त्या जळकट वासाचा मागमूस उरत नाही. म्हणजे रांग लांब असण्याचं कारण प्रसिद्धी नाही, भौतिकशास्त्र आहे.

आईचं मत वेगळं होतं. "इतक्या येळात माशांची आमटी झाली असती."

प्लेट आली ती छोटीशी. आपल्या हाफ प्लेटइतकी. कडा किंचित करपलेल्या, तेल तळाशी साचलेलं नाही, शिंपल्या आतून अर्ध्या कच्च्या. मी दुसरी मागवायला वळले तर मागे चाळीस माणसं. शिक्षक म्हणाले, इथे येणारा प्रत्येक जण एक प्लेट खाऊन चिडून घरी जातो.

पोर्क न खाणाऱ्यांसाठी मलय आणि तमिळ मुस्लिम लोकांच्या गाड्या आहेत. मलय चार क्वे तिआव जरा ओलसर असते, तिखट अधिक आणि चरबी नाही. आईने ती संध्याकाळी खाल्ली आणि कोळंबी ताजी असल्याचं प्रशस्तिपत्र दिलं, जे ती पुण्यात कोणाला देत नाही. मी तिथेच, पडांग कोटा लामा भागात, 'मी गोरेंग' घेतली. तमिळ मुस्लिमांचा हा पदार्थ : पिवळ्या नूडल्स, उकडलेला बटाटा, टोफू, भज्यांचे तुकडे, गोडसर-तिखट लाल सॉस, वर लिंबू. सोबत माकूलचा तिखट रस्सा ओततात. बटाटा नूडल्समध्ये कोणी घालावा? पण तो सॉस धरून ठेवतो, आणि दोन घासांनंतर तो नसता तर काय, असं वाटतं.

खर्चाचं सांगायचं तर गाडीवरची प्लेट साधारण 6 ते 12 रिंगिटना पडते, आणि रिंगिट म्हणजे वीस रुपयांच्या आसपास. प्लेटा छोट्या असल्याने एका माणसाने तीन ठिकाणी खाणं हाच इथला शहाणपणा. रोख पैसे जवळ ठेवा, तेही सुटे. आणि कुठल्याही एका गाडीवर जीव टांगून ठेवू नका. हे लोक आठवड्यात कधी मंगळवारी, कधी गुरुवारी सुटी घेतात, आणि पदार्थ संपला की दुपारी दोनलाही झाकण लावतात.

रविवार

हा दिवस लाक्साचा. शहरापासून बसने आयेर इताम. तिथे टेकडीवर केक लोक सी हे प्रचंड बौद्ध मंदिर आहे. सात मजली पॅगोडा, त्याहून वर करुणेची देवी कुआन यिन हिची ब्राँझची तीस मीटर उंच मूर्ती. आईने सगळ्या पायऱ्या चढल्या, कासवांच्या तळ्यापाशी अर्धा तास बसली आणि मग म्हणाली, आता भूक लागली.

खाली बाजाराजवळ आसम लाक्सा. त्याचा वास रस्त्यावरच गाठतो. आंबट, माशाचा, पुदिन्याचा. काउंटरमागच्या काकू वाडग्यात तांदळाच्या जाड शेवया घेतात, उकळता रस्सा ओततात, झाऱ्याने अडवून तो परत पातेल्यात काढतात, पुन्हा ओततात, पुन्हा काढतात. शेवया अशाच गरम होतात आणि रस्साही त्यांच्यात मुरतो. मग वर काकडी, अननस, कांदा, लाल मिरची, पुदिना आणि बुंगा कांतान नावाच्या फुलाच्या गुलाबी कळीचे बारीक काप. शेवटी चमच्यात काळा, चिकट हे-को. कोळंबीचा गोड-खारट पाक म्हणा.

आईने हे-कोचा चमचा बाहेर काढून ठेवला आणि आधी नुसता रस्सा ओरपला. मग थांबली. बोटाने तळातला चुरा काढला, चावला.

"गो, ह्यो बांगडोच मा?"

मी म्हटलं, असेल कुठलातरी मासा. तिला ते पटेना. ती उठून थेट काउंटरवर गेली आणि मालवणीत विचारलं. काकूंनी होक्कियनमध्ये उत्तर दिलं. दोघींचं काही अडलं नाही. काकूंनी आतून परात आणून दाखवली, त्यात उकडलेले मासे काटे काढून कुस्करायला ठेवलेले. निळसर पाठ, हिरवट झाक, शेपटीची ती ओळखीची काटकुळी चण. बांगडाच. मलय लोक त्याला केंबुंग म्हणतात. मग आईने तोंड आंबट करून हातवारे केले, आंबट कशाने? काकूंनी डब्यातून वाळलेल्या तपकिरी चकत्या काढल्या. आईने एक तुकडा जिभेवर ठेवला. चेहरा असा झाला की रांगेतली माणसं हसायला लागली.

"ही आमच्या सोलांच्या भावकीतली," परत येऊन तिने निकाल दिला.

रात्री हॉटेलवर शोधलं तर बाई अक्षरशः खऱ्या निघाल्या. त्या चकत्या आसम गेलुगोरच्या, म्हणजे गार्सिनिया अट्रोव्हिरिडिस. आपला कोकम गार्सिनिया इंडिका. एकाच वंशातली झाडं, एक सह्याद्रीच्या उतरणीवर, दुसरं मलायात. फरक इतकाच की आपण फळाची साल वाळवतो आणि तिला लाल-जांभळा रंग असतो; हे फळ कापून त्याच्या चकत्या वाळवतात, त्यांना तो रंग नाही आणि आंबटपणा जास्त. रश्श्यात चिंचही असते. हळद आहे, लाल मिरची आहे, छोटे कांदे आहेत. बांगडा, आंबट, हळद, मिरची : वेंगुर्ल्याचं तिखलं आणि पेनांगचा लाक्सा यांच्यात तिरफळ, गवती चहा आणि बेलाचान एवढंच अंतर उरतं. आईच्या मते ते अंतरही लाक्साने कमी करायला हवं. "तिरफळां व्हयी होती," हे तिने दोनदा सांगितलं. मग हे-को मिसळून दुसरा वाडगा घेतला आणि त्याबद्दल काही बोलली नाही.

मला विचाराल तर पेनांगला एकच गोष्ट खायला जायचं झालं तर ती चार क्वे तिआव नव्हे, हा लाक्सा. सगळे चार क्वे तिआवच्या रांगांचे फोटो टाकतात. पण परतलेल्या नूडल्स पूर्वेत कुठेही चांगल्या मिळतील. कोकणी माणसाला मात्र हा वाडगा दुसरीकडे मिळायचा नाही. पहिल्या घोटाला तो विचित्र लागतो, कारण गरम रश्श्यात अननस आणि पुदिना आपल्या जिभेला ठाऊक नाही. तिसऱ्या घोटापर्यंत धीर धरा.

दुपारी गाडी करून डोंगरापलीकडच्या बालिक पुलाउला गेलो. ही बेटाची मागची बाजू. भातखाचरं, जायफळाच्या आणि ड्युरियनच्या बागा, चढ-उताराचा रस्ता. नवरा खिडकीतून बघून म्हणाला, आपण कणकवलीहून निघालोय का? तिथे लाक्सा लेमाक मिळतो, आसम लाक्साचाच नारळाच्या दुधातला थाई वळणाचा भाऊ. दोन्ही रस्से अर्धे-अर्धे मिसळूनही देतात. मिसळलेला मला सर्वांत आवडला. नवऱ्याने जायफळाचं सरबत प्यायलं. आपण जायफळाची बी वापरतो, इथे वरच्या फळाचंच सरबत करतात. आंबूस, किंचित तुरट, उन्हात उत्तम. आईला ड्युरियन बघायचा होता, पण त्याचा मुख्य हंगाम मे ते ऑगस्टचा. ज्यांना तो खायचाय त्यांनी तेव्हा जावं, ज्यांना वास नको त्यांनी आमच्यासारखं नोव्हेंबरात.

परतताना ढगफुटी म्हणावी असा पाऊस. घाटात ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि आम्हाला त्याच्या आईने केलेला केळ्यांचा केक खायला दिला. मलय तरुण, मुंबईला कधी आला नव्हता, पण हिंदी सिनेमातली गाणी शब्दांसकट पाठ. पाऊस थांबेपर्यंत नवरा आणि तो नव्वदच्या दशकातून फिरून आले. रात्री लोरोंग बारूच्या गाड्यांवर जायचं होतं, ते राहिलं. कोणाच्या पोटात जागा नव्हती.

सोमवार

निघण्याआधी चौरस्ता बाजार. इथे फळांची लोणची आणि मुरांबे डोंगरासारखे रचलेले असतात. जायफळाच्या फोडींचे तर कितीतरी प्रकार. बिनसाखरेच्या वाळवलेल्या घ्या, साखरेतल्या नुसत्या गोड. आईने वाळलेल्या आसमचं किलोभर पाकीट उचललं. दुकानदार म्हणाला, एवढं दोन वर्षं पुरेल. तिने विचारलं, कोणाला?

पुण्यात आल्यावर तिने त्याच चकत्या घालून तिखलं केलं. रंग फिका, पण आंबटपणा दोन चकत्यांतच भरपूर. चार सोलांच्या जागी तिथली एक चकती पुरते.

बाजारातून चालत पेनांग रोडलगतच्या केंग क्वी गल्लीत चेंडोल. किसलेल्या बर्फावर नारळाचं दूध, ताडगुळाचा काळा पाक, राजमा आणि पंडनच्या पानांनी हिरव्या झालेल्या तांदूळपिठाच्या छोट्या शेवया. लोक भिंतीला टेकून उभ्यानेच खातात. आईने वाडग्यात डोकावून विचारलं, "शिरवाळे हिरवे कशे झाले गो?" आणि हे शंभर टक्के शाकाहारी असल्यामुळे नवऱ्याने तिच्या वाटणीचंही संपवलं.

सामानाबद्दल शेवटचं. बेलाचानची वडी आणायची असेल तर प्लास्टिकचे तीन थर आणि वर घट्ट झाकणाचा डबा हवा, नाहीतर बॅगेतले कपडे दोन धुण्यांत तरी माफ करणार नाहीत. आणि हे-कोची बाटली हातातल्या बॅगेत ठेवू नका. ती कितीही घट्ट असली तरी सुरक्षा तपासणीत द्रवच धरतात. आमच्यापुढच्या कुटुंबाची मोठी बाटली तिथेच राहिली, आणि आईने आमची चेक-इनमध्ये टाकली आहे ना, हे मला विमान उडेपर्यंत विचारलं.